दहा बावन्नचा फोटो

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही यावं, चार पावलांनी कुणाचे गुडघे झिजत नाहीत. आज सांगणार आहे ती गोष्ट पुराणातली नाही, आंध्रातल्या आमच्या अमलापुरमची आहे. पण तिच्यात जनक आहे, जानकी आहे, शिवधनुष्याच्या जागी नारळ आहे आणि रीतसर स्वयंवरही आहे. फरक इतकाच, की स्वयंवर नवरदेवांचं नाही, फोटोग्राफरांचं. मन लावून ऐका. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, ते तेवढं लक्षात ठेवा.

तर आमचे जनक म्हणजे चामर्ती जोगाराव गारू; 'गारू' म्हणजे 'साहेब'. कालवे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: कुठल्या कालव्याची झडप किती वाजता उघडली आणि किती वाजता मिटली, याची नोंद. त्यांच्या हातून कधी एका मिनिटाची चूक झाली नाही. जेवायला बसले तरी पहिल्या घासाला मनगटाकडे बघायचे. अशा माणसाच्या नशिबी देवाने काय लिहावं? तर त्याचं स्वतःचं लग्न अकरा मिनिटं उशिरा लागल्याचा पुरावा, तोही चौकटीत, काचेखाली, समोरच्या खोलीत.

झालं होतं असं. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त म्हणजे मंगळसूत्र नव्हे. नवरानवरीमध्ये अंतरपाट धरलेला असतो, दोघांच्या हातात विड्याच्या पानावर वाटलेल्या जिरं-गुळाचा गोळा असतो, आणि भटजींनी सांगितलेल्या क्षणाला दोघं तो एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात. तो क्षण म्हणजे लग्न. पुढचं सगळं जेवणाच्या तयारीला वेळ मिळावा म्हणून. जोगारावांच्या लग्नात तो क्षण होता सकाळी दहा एक्केचाळीसचा. गोळे ठेवले, डोलू म्हणजे ढोल कडाडले, अक्षता पडल्या, आणि राजमहेंद्रीहून आलेला फोटोवाला म्हणाला, "एकदा पुन्हा. नवरदेवांनी मान हलवली."

जोगाराव तेव्हा पंचविशीचे. बिचाऱ्यांनी गोळा उचलला आणि पुन्हा ठेवला.

फोटो आला तो सुरेख आला. सगळ्यांनी कौतुक केलं. मग जोगारावांची मोठी बहीण सीतारत्नम पुढे झाली. या बाईंना लोकांच्या फोटोत लोक सोडून बाकी सगळं दिसायचं. त्यांनी एक बोट काचेवर टेकवलं. नवरीच्या डोक्याच्या वर, माहेरच्या ओसरीच्या भिंतीवर, एक लंबकाचं घड्याळ होतं. त्यात वाजले होते दहा बावन्न.

"मुहूर्त एक्केचाळीसचा ना रे?" सीतारत्नम म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून घरात 'अकरा मिनिटं' हा शब्द शनीसारखा राहायला आला. कुकरची शिटी उडाली, अकरा मिनिटं. जोगारावांची बढती हुकली, अकरा मिनिटं. पहिलं मूल सात वर्षांनी झालं, तेव्हा तर सीतारत्नम यांनी हिशेबच मांडून दाखवला. आणि जोगाराव घरात कुणाला वेळेवरून बोलायला लागले, की त्यांच्या पत्नी कामेश्वरम्मा फोडणीकडे बघत शांतपणे म्हणायच्या, "दहा बावन्न." जोगाराव निमूट पेपर उघडायचे. कालव्याचं पाणी ज्याच्या शब्दावर धावलं, तो माणूस घरात एका घड्याळापुढे एकतीस वर्षं मान खाली घालून होता.

आणि मग हैमवतीचं लग्न ठरलं.

हैमवती जोगारावांची एकुलती एक मुलगी. सात वर्षं वाट बघायला लावून आली आणि सगळी कसर भरून काढली. जनावरांची डॉक्टर झाली. आमच्या भागात अडलेली म्हैस असली की शेतकरी आधी देवाचं नाव घेतो आणि लगेच हैमवतीला फोन करतो. खांद्यापर्यंत हात आत घालून वासरू फिरवून काढते ती. जोगाराव तिला कधी तोंडावर शाबास म्हणाले नाहीत, पण बाजारात कुणाच्या म्हशीची तब्येत विचारायची सोय नव्हती. "कोण, लिंगय्याची म्हैस? आमच्या डॉक्टरीणबाईंनी वाचवली ती," असं म्हणून ते असे उभे राहायचे, जणू म्हैस त्यांनीच जन्माला घातली. नवरदेव भास्कर हा विशाखापट्टणमच्या बंदरात इंजिनियर, मुलगा शांत. म्हशीला घाबरत होता, पण ते त्याने प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकलं होतं.

मुहूर्त निघाला सकाळी नऊ सत्तेचाळीसचा. आणि जोगारावांनी देवासमोर उभं राहून मनाशी ठरवलं: आपल्या वाट्याला आलं ते लेकीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. नऊ सत्तेचाळीसचा फोटो नऊ सत्तेचाळीसलाच निघाला पाहिजे, एकदाच निघाला पाहिजे, आणि त्यात मागे चालू घड्याळ दिसलं पाहिजे. उद्या सीतारत्नम यांचं बोट काचेवर टेकलं, तर ते तिथेच गार व्हायला हवं.

आता असा फोटोग्राफर शोधायचा कसा? हा प्रश्न जोगारावांनी शेजारच्या पुल्लय्याला विचारला, हीच चूक झाली. पुल्लय्या नारळाचा दलाल. सल्ला द्यायचं काम तो नारळ मोजता मोजता करायचा, त्यामुळे प्रत्येक सल्ल्यात शेवटी नारळ यायचा. पुल्लय्या म्हणाला, त्यात काय, क्षण पकडता येतो की नाही ते बघायचं असेल तर नारळ फोडून दाखवा. नारळ दुभंगतो तो क्षण आणि जिरं-गुळाचा क्षण, जात एकच. ज्याला दुभंगताना टिपता आलं त्याला विडा द्या. नारळ माझ्याकडून घेऊन जा.

जोगारावांना हे फार पटलं. त्यात शास्त्र होतं आणि नोंद ठेवता येत होती. त्यांनी वही काढली, रकाने आखले: उमेदवाराचं नाव, नारळ क्रमांक, शेरा.

पहिला उमेदवार विजयवाड्याचा प्रणीत. दाढी कोरलेली, बरोबर सहा माणसं, छत्र्या, आरसे. तो म्हणाला, अंकल, आम्ही 'कँडिड' करतो. जोगारावांनी अर्थ विचारला. त्याने सांगितलं, म्हणजे लोकांच्या नकळत फोटो काढायचे. जोगाराव गंभीर झाले. पाहुण्यांना घरी बोलवायचं आणि त्यांच्या नकळत काहीतरी काढायचं, याला आमच्या खात्यात वेगळं नाव होतं, असं ते म्हणाले. तरी परीक्षा न्याय्य व्हायला हवी म्हणून अंगणात दगडावर नारळ फोडला. प्रणीतचं यंत्र मधमाशांचं पोळं उठल्यासारखं गुणगुणलं. एका नारळाचे तीनशे चाळीस फोटो.

"यातला मुहूर्ताचा कुठला?" जोगारावांनी विचारलं.

"तो नंतर निवडू ना अंकल. फक्त ऊन या बाजूला बरं आहे. एकदा पुन्हा फोडता?"

'एकदा पुन्हा' हे दोन शब्द कानावर पडले आणि जोगारावांनी हातातली करवंटी खाली ठेवली. वहीत शेरा लिहिला गेला: अपात्र.

दुसरा काकिनाड्याचा शेषगिरी. तो म्हणाला जमिनीवरून कुणीही टिपेल, मी आभाळातून टिपतो. त्याने चार पंख्यांचं एक यंत्र अंगणात ठेवलं. कामेश्वरम्मांनी गच्चीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या त्या वाऱ्याने तीन घरांत वाटल्या गेल्या. यंत्र वर गेलं, नारळ खाली फुटला, आणि तेवढ्यात यंत्र पुल्लय्याच्या माडाच्या शेंड्यात जाऊन बसलं. माडावर चढणारा माणूस बोलवावा लागला. तो चढला, खाली बघितलं आणि विचारलं, हे काढायचं की पिकू द्यायचं? शेषगिरीच्या यंत्रात जोगारावांच्या टकलाचा एक उत्तम फोटो निघाला होता. नारळ त्यात नव्हता. कामेश्वरम्मा म्हणाल्या, "काय हरकत आहे, फरक किती आहे?"

मग बातमी पसरली आणि रांग लागली. एकाने नारळ फुटायच्या आधीचा फोटो काढला, एकाने नंतरचा, एकाने पुल्लय्याचा. कुणाच्या तरी जावयाने मोबाईल आडवा धरायचा की उभा, यातच नारळ घालवला. दोन आठवड्यांत तेवीस नारळ फुटले. घरात सकाळी खोबऱ्याची चटणी, दुपारी नारळीभात, संध्याकाळी खोबऱ्याच्या वड्या. हैमवती दवाखान्यातून आली, ताट बघितलं आणि वडिलांना म्हणाली, "नान्ना, माझं लग्न लागेपर्यंत आपण सगळे तेलाने चकाकायला लागू. फोटो आपोआप चांगले येतील."

जोगारावांच्या मनाला ते लागलं. ज्या माणसाने धरणाच्या इंजिनियरांना झडपेची वेळ सांगितली, त्याला एक फोटोवाला मिळू नये? आणि यात भर म्हणून भास्करच्या घरून निरोप आला, की फोटोग्राफरची काळजी तुम्ही करूच नका, आम्ही विजयवाड्याचा प्रणीत म्हणून एक मोठा माणूस ठरवलाय. वरपक्षाला नाही म्हणता येत नाही. जोगारावांनी त्या रात्री जेवताना मनगटाकडे बघितलं नाही, तेव्हा कामेश्वरम्मांना काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "सत्तिराजूंना का नाही विचारत?"

सत्तिराजूंचं दुकान बाजारात कल्याणमंडपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या समोर. तिथे लग्नाचे फोटो कुणी काढायला जात नव्हतं. रेशनकार्डाचे, परीक्षेच्या अर्जाचे, गेलेल्या माणसाचा मोठा करून हार घालण्याचे, असले फोटो. पण रामनवमीला नऊ दिवस देवळासमोर हरिकथा उभी राहते ना, तिथे तुम्ही त्यांना बघितलं असेल. पहिल्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसतात, मांडीवर कॅमेरा. हरिदास चिपळ्या वाजवत गिरकी घेतो, पायातले चाळ एका क्षणाला गप्प होतात आणि सीता रामाच्या गळ्यात माळ घालते. त्या क्षणाचा एकच फोटो ते काढतात. आख्खी कथा ऐकून एक फोटो. आमच्या देवळाच्या भिंतीवर तसे चाळीस वर्षांचे चाळीस फोटो आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं तर तुम्हाला पद ऐकू येतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं सांगतो.

सत्तिराजू आले ते एकटे, खांद्याला कापडी पिशवी. जोगारावांनी चोविसावा नारळ पुढे केला. सत्तिराजूंनी तो हातात घेतला, कानाशी हलवून बघितला आणि विचारलं, "हा देवाला फोडताय की मला?"

तेवीस नारळ फुटले होते, त्यातला एकही देवापुढे नव्हता. जोगारावांचा चेहरा उतरला.

"आत देवापाशी चला," सत्तिराजू म्हणाले. "तुम्ही देवाकडे बघा. मी तुमच्याकडे बघतो."

देवघरासमोर जोगाराव बसले. लेकीचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि नारळ आपटला. पाठीमागे एकच 'टक' झालं. सत्तिराजूंनी कॅमेऱ्याची मागची काच पुढे धरली. नारळाच्या दोन करवंट्या बोटभर दूर झालेल्या, मधे पाण्याची एक तार, आणि त्या पलीकडे एका बापाचा चेहरा. जोगारावांनी तो चेहरा आरशात कधी पाहिला नव्हता.

"कसं साधलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नारळ आपटायच्या आधी माणूस श्वास रोखतो. मी नारळाकडे बघतच नाही, श्वासाकडे बघतो. हरिदासही पद सोडायच्या आधी तेवढंच थांबतो." मग हसून म्हणाले, "शिवाय दरवर्षी देवळात सीतारामांचं लग्न टिपतो. तिथे 'एकदा पुन्हा' म्हणायची सोय नाही. नवरदेव दगडाचा असला तरी भटजी तापट आहेत."

वहीत शेरा लिहिताना जोगारावांची लेखणी अडखळली. शेवटी त्यांनी फक्त 'नमस्कार' असं लिहिलं.

फोटोग्राफर ठरला, घड्याळ राहिलं. लग्न व्हायचं ते कल्याणमंडपम देवळाच्या ट्रस्टचं. तिथे एक घड्याळ होतं, पण दाराच्या वर, पाहुण्यांच्या पाठीशी. वेदीच्या मागच्या भिंतीवर घड्याळ टांगायला हवं होतं. जोगाराव ट्रस्टच्या कचेरीत गेले. तिथला कारकून सूरन्ना जोगारावांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने नियमांचं पुस्तक उघडलं. नियम नववा: वेदीवर कोणत्याही फोटोग्राफरने चढू नये. नियम चौदावा: मंडपाच्या भिंतीवर कोणतीही वस्तू टांगू नये. खाली सही होती, चा. जोगाराव, मानद चिटणीस. बारा वर्षांपूर्वी हे नियम त्यांनी स्वतः रात्रंदिवस खपून लिहिले होते.

सूरन्ना फार अदबीने म्हणाला, "गारू, पळवाट शोधतोय, पण तुम्ही एकही ठेवलेली नाही."

कुणाला दुःख होईल, कुणाला अभिमान वाटेल. जोगारावांना दोन्ही एकदम झालं.

अर्ज करावा लागला. वस्तू: घड्याळ. प्रयोजन: वेळ दाखवणे. ट्रस्टच्या बैठकीत एकाने विचारलं, वेळ दाखवणे म्हणजे कुणाला? जोगाराव उत्तरले, "पुढच्या पिढीला." हे उत्तर टिपणात लिहिलं गेलं आणि त्याच्या वजनाने परवानगी मिळाली. पण दोन अटी. वस्तू आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला कारकुनाच्या देखत टांगावी. आणि लग्न चालू असेपर्यंत एका जबाबदार माणसाने वस्तूपासून सहा हातांच्या आत बसून देखरेख करावी. दुसरी अट वाचून जोगारावांच्या डोळ्यांत जुना हेडक्लार्क चमकला. सहा हातांच्या आत म्हणजे वेदीवर. फोटोग्राफरला वेदीवर बंदी होती, देखरेखदाराला नव्हती. त्यांनी रकान्यात नाव भरलं: सत्तिराजू, घड्याळाचे देखरेखदार.

आदल्या संध्याकाळी घड्याळ टांगलं. नवं कोरं, मोठे आकडे, नवा सेल. रेडिओच्या वेळेशी मिळवलेलं. सूरन्नाने पावती फाडली. सगळे निघाले, आणि जोगारावांच्या मनात हिशेबी विचार आला. रात्रभर हे उगाच चालत राहणार. सेल उद्या ताजा हवा. ते स्टुलावर चढले, मागून सेल काढला, हरवू नये म्हणून तपकिरीच्या डबीत टाकला आणि डबी कनवटीला लावली. सकाळी आल्या आल्या बसवू, असं ठरवून समाधानाने घरी गेले.

आता तुम्ही मनात म्हणाल, हाय रे देवा. जरा थांबा. कन्यादान करणारा बाप त्या दिवशी उपाशी असतो. उपाशी माणूस तपकीर ओढत नाही. आणि चष्मा? तो कामेश्वरम्मांनी काढून घेतला होता, कारण फोटोत काचा चमकतात. तेव्हा जोगारावांना त्या सकाळी घड्याळ दिसलं ते एक गोल पांढरा ढग म्हणून. ढग जागेवर होता, एवढं त्यांना पुरलं.

लग्न कसं झालं म्हणून सांगू. मामाने नवरीला टोपलीतून आणायचं असतं. हैमवतीच्या मामाने टोपली उचलली, पुन्हा ठेवली, आणि दुसऱ्या मामाला हाक मारली. हैमवती टोपलीतूनच म्हणाली, "पाठ वाकवू नका मामा, गुडघ्यातून उचला. वासरू असंच उचलतात." हळदीने रंगवलेली पांढरी साडी, कपाळावर बाशिंग, आणि अंतरपाटाआड बसल्यावर पाठ कशी ताठ. जोगाराव बघत होते आणि त्यांना दिसत नव्हतं, कारण चष्मा नव्हता आणि डोळ्यांत पाणी होतं.

प्रणीत आणि त्याची सहा माणसं वेदीवर चढायला निघाली, तेव्हा सूरन्नाने नववा नियम मोठ्याने वाचून दाखवला. ती खाली ओळीने उभी राहिली. सत्तिराजू वेदीच्या कोपऱ्यात घड्याळासमोर मांडी घालून बसले होते. त्यांच्या मांडीवर कॅमेरा आहे हे सूरन्नाला दिसलं, पण देखरेखदाराने मांडीवर काय ठेवू नये याबद्दल नियम नव्हता.

भटजींनी आपलं मनगट बघितलं. नादस्वरम थांबलं. सगळा मंडप श्वास धरून राहिला. भटजींचा हात खाली आला, डोलू कडाडले, अंतरपाट सरला, आणि हैमवतीचा हात भास्करच्या डोक्यावर पडला. कोपऱ्यात एक 'टक' झालं. अक्षतांचा पाऊस पडला.

आणि खालून प्रणीतचा आवाज आला, "मॅडम, अक्षता मधे आल्या. एकदा पुन्हा घ्याल?"

जोगारावांच्या डोळ्यांपुढे एकतीस वर्षांपूर्वीची ओसरी आली. भास्कर बिचारा सांगितलेलं ऐकायच्या सवयीने हात उचलायला लागला होता. हैमवतीने त्याचा हात आपल्या डोक्यावर तसाच दाबून धरला.

"नाही," ती खाली बघत म्हणाली. "म्हशीलासुद्धा मी सुई एकदाच टोचते."

मंडप हसला. भटजीसुद्धा हसले. जोगाराव हसले नाहीत. ते आपल्या लेकीकडे बघत होते, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आता घड्याळ असो नाहीतर नसो.

पण घड्याळ होतंच.

दुपारी पाठवणीच्या आधी सत्तिराजू समोरच्या आपल्या दुकानात जाऊन आले. रेशनकार्डाचे फोटो छापायच्या यंत्रावर त्यांनी तो एक फोटो मोठा छापून आणला होता. घरची सगळी भोवती जमली. कामेश्वरम्मांनी चष्मा परत दिला. काय फोटो होता. अंतरपाट अर्धा खाली, दोन हात, दोन डोकी, एकमेकांना पहिल्यांदा बघणारे चार डोळे. भास्कर जरासा घाबरलेला, हैमवती मुळीच नाही. तिचा तळवा त्याच्या डोक्यावर असा टेकलेला, की त्या हाताखाली कुठलंही जनावर शांत व्हावं.

मग एक बोट पुढे आलं. सीतारत्नम अडुसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या, पण बोट तेच होतं.

"सहा दहा?" त्या म्हणाल्या.

फोटोत मागे घड्याळ लख्ख दिसत होतं. सहा वाजून दहा मिनिटं. जोगारावांनी फोटोकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, सत्तिराजूंकडे बघितलं.

"मी घड्याळाकडे बघितलंच नाही," सत्तिराजू ओशाळून म्हणाले. "मी श्वासाकडे बघत होतो."

जोगाराव खुर्चीवर बसले. सकाळपासूनचा उपास आता सुटला होता. मन सावरायला त्यांनी कनवटीची डबी काढली, उघडली, चिमूट भरायला बोटं घातली, आणि बोटांना काहीतरी गार, गोल लागलं. तपकिरीत लडबडलेला सेल त्यांनी सगळ्यांदेखत बाहेर काढला. मग त्यांना शिंका सुरू झाल्या. सात शिंका. प्रत्येक शिंकेबरोबर त्यांची मान खाली जात होती.

"आता हिचं लग्न किती वाजता लागलं म्हणायचं?" सीतारत्नम म्हणाल्या. "आदल्या दिवशी संध्याकाळी?"

तेव्हा कामेश्वरम्मा हसायला लागल्या. आधी पदरात, मग पदर सुटला. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वन्सं, हे घड्याळ लांबच्या वेळेला थांबलं म्हणून लगेच कळलं. माझ्या बाबांचं जवळच्या वेळेला थांबलं होतं, म्हणून एकतीस वर्षं चाललं."

सीतारत्नम यांचं बोट फोटोवरून खाली आलं.

"ते घड्याळ आमचं नव्हतंच," कामेश्वरम्मा नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "बाबा खेड्यातले मास्तर. जावई कालवे खात्यातला, घड्याळाचा माणूस. घरात घड्याळ नाही हे बरं दिसेना, म्हणून मुम्मिडिवरमच्या एका वाण्याकडून बंद पडलेलं मागून आणलं आणि ओसरीवर टांगलं. लंबक हलत नव्हता तर बाबा येता जाता बोटाने हलवून जायचे. दुसऱ्या दिवशी परत केलं. मला म्हणाले, पोरी, जावयांना कधी सांगू नकोस. ते होते तोवर सांगितलं नाही. नंतर सांगावंसं वाटलं नाही."

"आणि फोटो?" जोगारावांनी विचारलं. "तो दुसऱ्यांदाचा ना?"

"पहिलाच. दुसऱ्यांदा तुम्ही इतके गंभीर चेहऱ्याने गोळा उचललात, की मला हसू आलं. तो फोटो फुकट गेला. एक्केचाळीसचंच आहे आपलं लग्न. मिनिटभर इकडे नाही, तिकडे नाही."

ओसरीवर येता जाता लंबकाला बोट लावणारा एक म्हातारा मास्तर जोगारावांच्या डोळ्यांपुढे उभा होता. जावयाने मान वर करून बघावं म्हणून त्याने तेवढं केलं होतं, आणि त्या जावयाने एकतीस वर्षं त्या घड्याळाकडे बघून मान खाली घातली होती. मग ते उठले. सेल उपरण्याला पुसून सत्तिराजूंच्या पिशवीत टाकला. "तुमच्या कॅमेऱ्याला चालतो का बघा," म्हणाले. "मला आता लागणार नाही." सीतारत्नम पुढे काही बोलणार होत्या, पण हैमवतीने त्यांच्या हातात खोबऱ्याची वडी ठेवली.

आज त्या घरी गेलात तर समोरच्या खोलीत दोन फोटो शेजारी शेजारी दिसतील, एकात दहा बावन्न, एकात सहा दहा. कुणी विचारलं तर जोगाराव छाती काढून सांगतात, दोन्ही लग्नं मुहूर्तावर लागली आहेत, आणि दोन्ही घड्याळं आमच्या घराण्याची आहेत. मनगटावरचं घड्याळ मात्र हल्ली ते जेवताना काढून ठेवतात.

माझं मागणं एवढंच. कुठे कुणाच्या ओसरीवर बंद पडलेलं घड्याळ दिसलं, तर त्याची चूक काढू नका. कामेश्वरम्मांच्या बाबांची, मुम्मिडिवरमकडच्या वेलूरि अच्युतरामय्या मास्तरांची आठवण काढा, लंबकाला एक बोट लावा, आणि पुढे चला.